डीजेला मावशीचं नाव माहीत नसतं

प्रश्न (नवापूरच्या एका तरुण शिक्षकाचा): "आमचं गाव महाराष्ट्र-गुजरात सीमेवर. आजी मावची ही आमची आदिवासी बोली बोलते, आई मावची आणि मराठी. माझी सात वर्षांची मुलगी मोबाइलवरचं हिंदी बोलते. शाळेतल्या मोठ्या मुली कोरियन गाणी पाठ करतात आणि लग्नात आजीची गाणी कोणी ऐकत नाही. परदेशी माध्यमांमुळे आपल्यासारख्या सीमेवरच्या समाजांची संस्कृती संपत चालली आहे का? आणि काही करता येईल का?"

उत्तर:

भाऊ, मी शहाद्याकडच्या शाळांत शिकवलं आणि १९८९ पासून सुट्ट्यांमध्ये बायकांची गाणी टेप करत फिरले. तेव्हा खांद्याला टेपरेकॉर्डर आणि पिशवीत सेलची पाकिटं असायची, आता एक मोबाइल पुरतो. तुमचा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे, पण उत्तर मला मिळालं ते एका हळदीच्या मांडवात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शहादा तालुक्यातल्या एका गावात मांडवाच्या दोन्ही अंगांना माणसाएवढे स्पीकर लावले होते. कोपऱ्यात सत्तरी ओलांडलेल्या तीन बायका नवरदेवाला हळद लावताना म्हणायचं गाणं म्हणत होत्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. स्पीकरवर जे वाजत होतं तेही हळदीचंच गाणं होतं, तेही अहिराणीत, आणि खान्देशातल्याच पोरांनी केलेलं. त्यात परदेशी असं काही नव्हतं. मी थोरल्या बाईंना म्हटलं, "अहो, तेही आपल्याच बोलीतलं आहे, मग तुम्ही एवढ्या हिरमुसल्या का?" त्या म्हणाल्या, "डीजेले काय माहीत, नवरदेवनी मावशीनं नाव काय शे?"

हे वाक्य नीट समजून घ्या, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. आपल्याकडच्या लग्नगाण्यांत शब्द थोडे आणि मोकळ्या जागा फार. एक ओळ आईची, तिच्यात आईचं नाव घालायचं. पुढची मामाची, मग आत्याची, मग मोठ्या वहिनीची. ज्या मावशीचं नाव आलं ती उठते, हळद लावते, बायका तिची थोडी थट्टाही करतात. ज्या घराशी अबोला आहे त्या घरचं नाव मुद्दाम घालतात, आणि भर मांडवात त्या बाईला पुढे यावंच लागतं. मी दोन जावांचं सात वर्षांचं भांडण असं मिटताना पाहिलं आहे. असं गाणं किती लांबीचं असतं, असं मी सुरुवातीच्या काळात एका आजीला विचारलं होतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "गानं कथं सरस? नावं सरतीन, तव्हय सरी." म्हणजे गाणं कुठे संपतं? नावं संपतील तेव्हा संपेल.

आता हेच गाणं चार मिनिटांत रेकॉर्ड झालं की त्यातल्या जागा बंद होतात. चाल राहते, बोलीही राहते, पण नाव घालण्याची जागा जाते. आणि नाव घालायचं नसेल तर ते गाणं मांडवात बसून म्हणायची गरजच कोणाला राहत नाही. ते ऐकलं तरी चालतं. गाणारी बाई ऐकणारी झाली, हे आपलं खरं नुकसान. ते कोरियन गाण्यानं झालं नाही. आपल्याच पोरांच्या गाण्यानंही झालं नाही. सगळ्या प्रसंगांवर ज्या पद्धतीनं यंत्र बसलं, त्यानं झालं.

मग परदेशी माध्यमांचा काहीच दोष नाही का? आहे, पण तो नेमका कुठे आहे ते पाहायला थोडं मागं जावं लागेल.

माझ्या वडिलांकडे रेडिओ होता. रात्री ते काटा हळूहळू फिरवून खरखरीतून रेडिओ सिलोन शोधायचे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली. शास्त्रीय संगीत वाढावं असा त्यांचा हेतू होता. लोकांनी काटा कोलंबोकडे वळवला. त्याच वर्षी तिथून अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. म्हणजे आमच्या घरातलं पहिलं परदेशी माध्यम श्रीलंकेचं होतं आणि त्यानं घरात आणलं ते मुंबईचं हिंदी गाणं. १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली, ती या ओढीला उत्तर म्हणूनच.

पुढे कॅसेट आली. तो शोध नेदरलँड्सच्या फिलिप्स कंपनीचा, १९६३ चा. पण कॅसेट स्वस्त होती आणि घरी भरता यायची, म्हणून ज्या बोलींना मुंबईच्या मोठ्या कंपन्या विचारत नव्हत्या त्यांनाही आवाज मिळाला. अहिराणीच्या कॅसेटी मी बसस्टँडवरच्या टपऱ्यांवर घेतल्या आहेत. १९९१ नंतर घरांच्या डोक्यावर डिशच्या छत्र्या आल्या, हाँगकाँगहून चालणाऱ्या उपग्रहावरून वाहिन्या दिसू लागल्या. त्यातही घरोघर रुजली ती १९९२ ची झी, म्हणजे पुन्हा हिंदीच. आणि आज अहिराणी, पावरी, भिलोरी गाण्यांचा सगळ्यात मोठा बाजार कुठे आहे? यूट्यूबवर, म्हणजे अमेरिकन कंपनीच्या पेटीत. पेटी परदेशातून येते आणि तिच्यात भरलेलं बहुतेक वेळा इथलंच असतं. म्हणून "परदेशी" या शब्दावर राग काढून आपल्याला काही सापडत नाही.

एक आकडा सांगते, तो मला फार दिवस खुपतो आहे. २००१ च्या जनगणनेत खान्देशी, म्हणजे मुख्यतः अहिराणी, ही मातृभाषा सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ मध्ये ते सुमारे १८ लाख ६० हजार झाले. लोकसंख्या वाढली आणि बोली सांगणारे दोन लाखांहून जास्त घटले. खेड्यापाड्यांत स्वस्त इंटरनेट आलं ते २०१६ नंतर. म्हणजे ही घसरण रील्सच्या आधीची आहे, कोरियन गाण्यांच्या तर खूपच आधीची. यातले कित्येक जण घरी अहिराणीच बोलत असतील, पण गणना करणाऱ्यासमोर त्यांनी "मराठी" लिहायला सांगितलं असेल. मी शिक्षिका होते, म्हणून हे कसं होतं ते मला ठाऊक आहे. वर्गात "शे" म्हणणाऱ्या मुलाला "आहे म्हण" असं मीही शेकडो वेळा सांगितलं आहे. त्याचं मला आज वाईट वाटतं.

तुम्ही "सीमेवरचे समाज" म्हणालात, ते मात्र महत्त्वाचं आहे. तुमच्या नवापूर स्टेशनात दोन राज्यांची हद्द फलाटावरून जाते. एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, घोषणा चार भाषांत. नंदुरबारला १९४२ मध्ये शाळकरी शिरीषकुमार इंग्रजांच्या गोळीला सामोरा गेला तेव्हा त्याच्या सोबतच्या मुलांच्या तोंडी घोषणा होती ती गुजराती: "नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनु." आजही मराठी शाळेतली पोरं ती तशीच म्हणतात, आणि ती कोणाला परकी वाटत नाही. अहिराणीचं "शे" ऐकलं की गुजरातीचं "छे" आठवतं, "मना, तुना" ऐकलं की गुजरातीचा "नो-नी-नुं". ब्रिटिश काळातल्या भाषाभ्यासक ग्रियर्सननं आपल्या भाषा सर्वेक्षणात खान्देशीला मराठीच्या खंडात घेतलं नाही, भिल्ल बोलींच्या खंडात ठेवलं. तो भाग १९०७ चा. त्यावर वाद घालणारे घालोत, पण शेजाऱ्याकडून घ्यायचं आणि आपलं करायचं, हे सीमेवरच्या माणसाच्या हाडात आहे. म्हणून भेसळीची भीती बाळगू नका. सीमेवर शुद्ध असं काही नव्हतंच.

सीमेवरचा दुबळेपणा वेगळाच आहे. पुण्यातली मुलगी कोरियन मालिका बघते आणि सकाळी मराठी शाळेत जाते. तिच्या घरच्या भाषेमागे राज्य आहे, पुस्तकं आहेत, वर्तमानपत्रं आहेत. तुमच्या शाळेतली मावची मुलगी तीच मालिका बघते, आणि सकाळी तिला शाळेत मिळतं मराठी, बाजारात गुजराती, मोबाइलवर हिंदी. मावचीकडे परत नेणारी जागा फक्त आजीची ओसरी. त्यामुळे पडदा कुठलाही असो, तिच्या बोलीवर त्याचा भार जास्त पडतो.

खऱ्या आंतरराष्ट्रीय सीमांवर काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. अमृतसरला दूरदर्शनचं केंद्र १९७३ मध्ये सुरू झालं आणि त्याचे कार्यक्रम लाहोरात घरोघर बघत. उलट बाजूनं लाहोरची नाटकं अमृतसरात अँटेना फिरवून बघितली जात. दोन्हीकडची बोली एकच पंजाबी, त्यामुळे पलीकडचं माध्यम परकं वाटायचं कारणच नव्हतं. मणिपूरची गोष्ट याच्या अगदी उलट. तिथे २००० मध्ये एका सशस्त्र संघटनेनं हिंदी सिनेमांवर बंदी घातली. रिकाम्या जागेत दोन गोष्टी शिरल्या. एक, कोरियाची अरिरंग वाहिनी आणि म्यानमारच्या बाजूनं येणाऱ्या कोरियन सीड्या. दुसरी, मणिपुरीत कमी पैशात निघालेले डिजिटल चित्रपट. बंदी घातली म्हणून परकं थांबलं नाही, त्याची दिशा बदलली. आणि आपलं वाढलं ते तिथल्या लोकांनी हातात कॅमेरा घेतला म्हणून.

आपल्या बाजूचं असंच उदाहरण मालेगावचं. जिल्हा नाशिक असला तरी जुन्या खान्देशाशी त्याचं नातं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास गावातल्याच माणसांना घेऊन सिनेमे काढायला सुरुवात केली आणि पुढे अमेरिकेचा सुपरमॅन मालेगावात आणला. त्यांचा सुपरमॅन म्हणजे अंगानं काडीसारखा यंत्रमाग कामगार. तो सिनेमा कसा बनला यावर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला. परदेशी गोष्ट आली, पण तिला मालेगावची बोली आणि मालेगावचं अंग मिळालं. सुरत-नवापूर पट्ट्यातल्या लग्नांतला कॅसिओही मला तसाच वाटतो. वाद्य जपानी, पण पोरं त्यावर टिमली ही नाचाची चाल वाजवतात, सनईचा नि पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्याचा सूर काढतात आणि अख्खं गाव रांगेत नाचतं. नाचणारा नाचतोच आहे, बघ्या झालेला नाही. तिथे मला काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे बाहेरची नजर. होळीच्या आधीच्या आठवड्यात धडगाव, मोलगी या बाजूंना भोंगऱ्या बाजार भरतो. होळीची खरेदी, गूळ, डाळ्या, ढोल, पाहुण्यांच्या भेटी, असा तो सणाचा बाजार. मध्य प्रदेशच्या बाजूला त्यालाच भगोरिया म्हणतात. बाहेरून आलेल्या वार्ताहरांनी आणि फोटोवाल्यांनी, देशातल्याही आणि परदेशातल्याही, त्याला "पळून जाऊन लग्न करण्याचा बाजार" करून टाकलं. पावरा-बारेला समाजातले जाणते लोक हे चूक आहे म्हणून कितीदा सांगतात, पण ती ओळ इंटरनेटवर पुन्हा पुन्हा उतरवली जाते. आता वाईट असं की ती ओळ मागे फिरून गावात येते. बाजारात पोरींच्या तोंडासमोर मोबाइल धरणारी अनोळखी पोरं मी पाहिली आहेत, आणि त्या कारणानं मुलींना बाजाराला पाठवणं बंद केलेली घरंही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत नवसासाठी बावा-बुध्याचं सोंग घेणारे पुरुष कितीतरी दिवस पाळणी पाळतात, खाटेवर झोपत नाहीत, अंघोळ करत नाहीत. होळी पेटते पहाटे. रात्रभर नाचणाऱ्या त्या माणसाला "इकडे बघ, पुन्हा एकदा उडी मार" असं सांगणारा कॅमेरावाला मी ऐकला आहे. ज्यानं नवस फेडायला अंगावर राख-चुन्याचे ठिपके काढले, त्याला तो नट करून टाकतो. कोरियन नाच शिकणाऱ्या मुलीपेक्षा हा माणूस परंपरेचं जास्त नुकसान करतो, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं ठिकाण मालकीचं. मी एका आजीकडून आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्यावरची गाणी टेप केली होती. तिच्या नातवानं त्यातलं एक इंटरनेटवर टाकलं. काही दिवसांत त्याला संदेश आला की हे गाणं दुसऱ्या एका कंपनीच्या मालकीचं आहे. त्या कंपनीनं तीच पारंपरिक चाल वाद्यांसह बाजारात आणली होती, आणि यंत्रानं दोन्हींची तुलना करून आजीला परकं ठरवलं. जे गाणं कोणा एकाचं नाही, त्याला यंत्र समजूच शकत नाही. पहिल्यांदा ज्याने नोंदवलं तो मालक. दाद मागण्याचा अर्ज इंग्रजीत होता. आम्ही तो भरला, चार वेळा भरला, आणि शेवटी गाणं परत दिसू लागलं. पण आजीनं नातवाला विचारलं, "मी चोरी करी का?" ते मी विसरू शकत नाही.

आता मुलांचं. कोरियन गाणी म्हणणाऱ्या मुलींना रागावू नका. एका परक्या भाषेतले शब्द अर्थासकट पाठ करायला केवढी चिकाटी लागते ते तुम्ही शिक्षक म्हणून जाणता. एका शाळेत मी अशा पाच मुलींना त्यांच्या आवडीच्या चालीवर स्वतःच्या बोलीत चार ओळी लिहायला सांगितल्या. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, आमच्या बोलीत असं गाणं होतच नाही. तिसऱ्या दिवशी आईला शब्द विचारून आल्या. पंधरवड्यानं एकीनं मला सांगितलं की "वाट बघणं" याला तिच्या घरी तीन वेगळे शब्द आहेत, आणि तिला एकच माहीत होता. तुम्ही सरकारी शाळेत असाल तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आधारही घ्या. शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं त्यात लिहिलेलं आहे. वरचे साहेब विचारायला आले तर ते दाखवता येतं.

गाणी टेप करायची असतील तर नुसतं गाणं घेऊ नका. ते कधी म्हणतात, कोण म्हणतं, कोणी म्हणायचं नसतं, मध्ये कोणाचं नाव येतं, हे गाणारीच्याच तोंडून त्याच टेपमध्ये घ्या. पंखा बंद करा, मोबाइल गाणारीपासून हातभर अंतरावर कापडावर ठेवा, विमान मोड लावा. लग्नाचं गाणं शक्यतो लग्नातच घ्या, स्पीकर लागायच्या आधी, पहाटे. आणि सगळंच जगापुढे टाकायचं नसतं. डोंगऱ्यादेवाच्या व्रतात थाळीवर जी कथा लावतात, किंवा माऊल्या, म्हणजे व्रत घेतलेले लोक, रात्री जे म्हणतात, ते व्रताबाहेर म्हणायचं नाही असं जाणकारांनी सांगितलं, तर ते टेप करून घरच्या डब्यात ठेवा. माझ्याकडे अशा अकरा कॅसेटी आहेत. त्या मी कोणालाही दिलेल्या नाहीत आणि देणारही नाही.

एक गोष्ट मात्र मला अलीकडे सुखावून गेली. कानबाई तुम्हाला माहीत आहे, आपल्या खान्देशची देवी, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. आपले हजारो लोक सुरतेला उधना-लिंबायतकडे कामाला गेले, त्यांनी तिथेही कानबाई नेली. गेल्या श्रावणात एका घरी कानबाईपुढे मोबाइल उभा करून ठेवला होता, पलीकडे सुरतेची थोरली सून. बायका गात होत्या आणि नाव घालायची पाळी आली की सुरतेहून ती ओरडून सांगत होती, "आते मना जेठनं नाव घ्या!" पेटी परदेशी, मध्ये राज्याची हद्द, आणि नावाची जागा उघडी. प्रसादाचे रोट मात्र तिला मिळाले नाहीत. ते भाऊबंदांनी जागेवर बसूनच खायचे असतात. दुसऱ्या दिवशी तिचा दीर सुरतेच्या गाडीत बसला तेव्हा सासूनं त्याला बजावलं, पुढच्या वर्षी तिला घेऊनच ये.

तुमच्या आजी आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. मला मावची चार वाक्यांपलीकडे येत नाही, म्हणून हे तुम्हालाच करावं लागेल. टेप सुरू करायच्या आधी त्यांना विचारा, तुझ्या लग्नात तुझं नाव गाण्यात कोणी घातलं होतं? ती बाई कोण, ती कुठल्या गावची, तिनं नावाला काय जोडलं होतं? आजी बोलत असताना मुलीला शेजारी बसवा, तिला मावची कळो न कळो. आणि आजीला म्हणा, आता त्याच जागी हिचं नाव घालून दाखव.